पडले म्हणून सांगायचं

दोघी बहिणी फोनवर एकमेकींशी खोटं बोलायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशा दोघींनी आपापल्या मुठी गच्च आवळून धरल्या होत्या.

थोरलीला सगळे अक्का म्हणायचे. ती दूरच्या गावात एका मोठ्या बेकरीत भट्टीवर काम करायची. धाकटी तिच्या खांद्यालाही लागायची नाही, म्हणून वडिलांनी लहानपणीच तिचं नाव बुटकी ठेवलं होतं. लग्न झालं तरी ते नाव सुटलं नाही. बुटकी घराच्या पुढच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि वडील बुटकीकडेच राहत होते.

आठवड्यातून एकदा भट्टी साफ करायला बंद असायची. त्या दिवशी अक्का मैद्याच्या पोत्यावर बसून फोन लावायची.

"बाबा कसे आहेत?"

"मजेत. आज दोन घास जास्तच खाल्ले. भावोजी?"

"त्यांना काय धाड भरलीय. हाताला काम भरपूर आहे. तुझा फिटर नवरा?"

"पलीकडच्या शहरात आहे अजून. कारखान्यात जादा पाळ्या आहेत म्हणे."

यातलं एकही वाक्य धड नव्हतं. अक्काचा नवरा रंगारी होता. परांचीवरून पडून त्याचा मणका दुखावला होता आणि तो अंथरुणावर पडल्या पडल्या छताचे पोपडे मोजत होता. घर अक्काच्या एकटीच्या पगारावर रडतखडत चाललं होतं. बुटकीकडे काय चाललं होतं, ते अक्काला अजून कळायचं होतं. बाबांच्या मेंदूचा पुढचा भाग आटत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तिला माहीत होतं. पण बुटकी म्हणायची, "विसरतात थोडं. बाकी काही त्रास नाही."

आणि अक्काला ते पटायचं, कारण बाबा होतेच तसे. लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर त्यांनी जन्म काढला. हात फावड्यासारखे, मान बैलासारखी. पण मुलींवर त्यांनी कधी बोट उगारलं नाही. एकदा करवतीने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. हाताला सदरा गुंडाळून ते चालत घरी आले, आणि रक्त पाहून रडणाऱ्या पोरींना म्हणाले, "रडता काय? करवतीला भूक लागली होती. खाल्लं तिने."

त्या दिवशी फोनवर नेहमीचंच बोलणं चाललं होतं. बुटकी काहीतरी सांगता सांगता मधेच थांबली. मागे धाडकन काही आपटलं. मग एका पुरुषाचा आवाज आला, घशातून गुरगुरल्यासारखा, आणि त्याने अशी शिवी घातली की अक्काच्या कानशिलाला झिणझिण्या आल्या. पाठोपाठ बुटकीचा आवाज, दुरून आणि अगदी हळू. "बाबा, सोडा. केस सोडा माझे. बाबा."

फोन बंद झाला. अक्का पुन्हा पुन्हा लावत राहिली. संध्याकाळी तो एकदाचा उचलला गेला.

"अगं, बाबा पडले न्हाणीत. त्यांना उचलताना फोन हातातून सुटला."

"केस सोडा म्हणालीस तू."

"कठडा सोडा म्हणाले मी. तुझ्या त्या भट्टीच्या आवाजात तुला काय ऐकू येतंय."

भट्टी त्या दिवशी बंद होती. दुसऱ्या दिवशी अक्काने रजा टाकली, नवऱ्याच्या उशाशी पाणी आणि दिवसभराचं खाणं ठेवलं, शेजारणीला लक्ष द्यायला सांगितलं, पिशवीत ताजे पाव भरले आणि बस धरली.

बुटकीच्या घराला लागूनच न्हाव्याचं दुकान होतं. अक्काला पाहून न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून म्हणाला, "तुम्ही थोरल्या ना? बरं झालं आलात." आणखी काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं आणि पुन्हा दाढीकडे वळला.

बुटकी टेबलापाशी उभी होती. भोवती कपड्यांची गाठोडी. एवढ्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचं आणि गळ्यापर्यंत बटणांचं काहीतरी घातलं होतं. अक्काला दारात पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पांढरा पडला.

"फोन तरी करायचास."

"केला असता तर तू बाबांना फिरायला नेलं असतंस." अक्काची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली. दाराला बाहेरून जाडजूड कडी होती. नवी कोरी. "हे कशाला?"

"पाणी पी आधी," बुटकी म्हणाली.

अक्काने कडी काढली. बाबा खाटेवर बसले होते. अंघोळ घातलेली, दाढी केलेली, अंगात स्वच्छ सदरा. तिला पाहून ते तोंडभर हसले. "आलीस? जेवलीस का?"

अक्काचा जीव भांड्यात पडला. ती त्यांच्याजवळ बसली, त्यांचे हात हातात घेतले, आणि सदऱ्याची बाही वर सरकली. मनगटाभोवती लालजांभळं कडं पडलं होतं. दुसऱ्या मनगटावर तसंच. कातडी सोलवटून त्यावर मलम लावलेलं होतं. खाटेच्या चारी पायांना जुन्या चादरीच्या पट्ट्या होत्या, वेणीसारख्या पिळलेल्या.

ती बाहेर आली. बुटकी एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती.

"अक्का, आधी माझं ऐकून—"

अक्काच्या थोबाडीत एवढा जोर होता की बुटकी कपड्यांच्या ढिगावर जाऊन कोसळली. अक्काने तिला दंडाला धरून उठवलं आणि दुसरी लगावली. भट्टीतून रोज लोखंडी ट्रे ओढणारा हात तो. बुटकीच्या ओठातून रक्त आलं.

"बापाला बांधतेस? गुरासारखं? आणि मला सांगतेस दोन घास जास्त खाल्ले?"

बुटकी उठली. तिने तोंड पुसलं नाही. टेबलाकडे जाऊन तिने आधी इस्त्री उचलून उभी केली. कॉलरवर तपकिरी डाग पडून धूर निघत होता.

"हा वकिलांचा शर्ट होता," ती म्हणाली.

तेवढंच. तिच्या त्या शांतपणाने अक्काचं डोकं आणखीच फिरलं. तिने खाटेच्या पट्ट्या दातांनी, नखांनी सोडवल्या आणि बाहेरच्या गटारात नेऊन टाकल्या. "मी इथं आहे तोवर हे दार लागणार नाही," ती म्हणाली.

"बरं."

"बरं काय बरं?"

"बरं म्हणजे बरं." बुटकीने एक गाठोडं बांधलं. "एवढे कपडे पोचवून येते. आज दिले नाहीत तर हेही गिऱ्हाईक जाईल. तू थांबशील ना त्यांच्याजवळ?" ती दारापर्यंत गेली आणि न वळता म्हणाली, "पाठ करू नकोस त्यांच्याकडे."

"माझे बाप आहेत ते."

"माझेही आहेत," बुटकी म्हणाली आणि गेली.

अक्काने वाडग्यात दूध घेऊन त्यात पाव कुस्करला. बाबा चवीने खाऊ लागले. पाव चांगला भाजलाय म्हणाले. वखारीतल्या एका हमालाची गोष्ट त्यांनी सांगितली, ती शेवटपर्यंत बरोबर सांगितली, आणि अक्का पोट धरून हसली. एवढ्या भल्या माणसाला ही बया बांधून ठेवते, या विचाराने तिचे डोळे भरून आले. बहिणीला आणखी दोन लगावायला हव्या होत्या, असंही तिला वाटून गेलं.

"आई कुठं गेली तुमची?" बाबांनी विचारलं.

अक्का भोळेपणाने खरं बोलली. "आई गेली ना, बाबा. किती वर्षं झाली."

बाबांचं चावणं थांबलं. "गेली म्हणजे?"

"आजारी होती. वारली."

बाबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. चेहरा तोच होता. पण आतलं माणूस उठून गेल्यासारखे डोळे रिकामे झाले. "कुणी मारलं तिला?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा, किती वाजले विचारावं तसा.

"कुणी नाही मारलं. बाबा, दूध संपवा बघू."

"तू मारलंस."

"काहीतरीच काय बोलता," म्हणत अक्का वाडगा ठेवायला वळली.

केस मुळापासून ओढले गेले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती ओरडायच्या आत ते पुन्हा आपटलं. नाकातून काहीतरी गरम ओघळलं. "चोर," बाबा कानाशी म्हणत होते, "माझ्या घरात शिरतेस. माझी बायको मारतेस." तिने त्यांचं मनगट धरलं, पण तो म्हाताऱ्याचा हात नव्हता. आयुष्यभर ओंडके उलथवलेला हात होता तो, आणि आजाराने त्यातली ताकद जराही नेली नव्हती. त्यांनी तिला फरफटत पुढच्या खोलीत आणलं आणि इस्त्रीच्या टेबलावर उताणं पाडलं. एक हात तिच्या छातीवर दाबलेला, दुसरा गळ्यावर. गळ्यावरच्या हाताला तीनच बोटं होती.

"बाबा," ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही.

तिने लाथा मारल्या. बोचकारलं. त्यांच्या अंगठ्याला दात लावायचा प्रयत्न केला. बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. घाबरलेला माणूस सापाचं डोकं ठेचतो तसे ते तिचा गळा दाबत होते. खोली काळी पडत चालली. तिचा हात टेबलावर चाचपडत एका वायरीला लागला. मघाच्या मारामारीत इस्त्री बंद करायची राहूनच गेली होती. तिने वायर ओढली, मूठ हाताशी आली, आणि ती जड, तापलेली इस्त्री तिने बाबांच्या कानशिलावर हाणली.

हात सुटला नाही. तिने दुसऱ्यांदा मारली. या वेळी कडेने. करपलेल्या केसांचा वास सुटला आणि बाबा गुडघ्यांवर बसले, मग कुशीवर कलंडले. श्वास परत येताना अक्काच्या घशातून आरीसारखा आवाज निघाला.

बाबा जमिनीवर होते. त्यांचे हात मोकळे, तोंड उघडं, लोकांच्या पांढऱ्या कपड्यांवर रक्त पसरत होतं. तिसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती. तरी ती वाकली आणि तिने मारलंच. खांद्यावर बसलं. हाड वाजलेलं तिने ऐकलं.

ती चौथ्यांदा हात उचलत होती की नाही हे तिला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही. दारातून बुटकीचा आवाज आला, "अक्का. इस्त्री खाली ठेव."

अक्काने ठेवली. बुटकीने आधी बटण बंद केलं, मग एक टॉवेल बाबांच्या डोक्याला दाबून धरला. ना किंचाळली, ना रडली. मागोमाग आलेला न्हावी क्षणभर दारात थिजून उभा राहिला आणि मग गाडी बोलवायला धावला.

गाडीत बाबांचं डोकं बुटकीच्या मांडीवर होतं. ते कण्हत होते, म्हणजे जिवंत होते. बुटकी अक्काला पढवत होती. "न्हाणीत पडले म्हणून सांगायचं. नळाच्या तोटीवर डोकं आपटलं. तुझ्या गळ्याला ओढणी गुंडाळ. कळलं का? पडले म्हणून सांगायचं."

हे ती इतकं सराईतपणे बोलत होती की अक्का तिच्याकडे बघतच राहिली.

दवाखान्यातली डॉक्टरीण मध्यम वयाची, दमलेली होती. तिने टाके घातले. कानामागची भाजलेली कातडी बघितली. खांद्याचं हाड मोडलेलं निघालं.

"कसं लागलं?"

"न्हाणीत पडले," बुटकी म्हणाली.

"मागच्या वेळीही न्हाणीतच पडले होते. तुमचं मनगट मोडलं तेव्हा तुम्हीही न्हाणीत पडला होतात." डॉक्टरीण हातमोजे काढत म्हणाली. "फार घसरडी न्हाणी दिसते तुमची. भाजतं वाटतं तिथं?"

अक्काने गळ्याची ओढणी सोडली.

"मी मारलं," ती म्हणाली. घसा इतका सुजला होता की स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "इस्त्रीने. पहिले दोन फटके जीव वाचवायला मारले. तिसरा तसाच मारला. रागाने."

डॉक्टरिणीने तिच्या गळ्यावरचे बोटांचे वळ पाहिले. मग बुटकीकडे वळून म्हणाली, "बाह्या वर करा."

"मला काही झालेलं नाही."

"बुटके," अक्का म्हणाली. बुटकी मागे सरली. अक्काने तिला भिंतीशी धरलं आणि लहानपणी शाळेतून आल्यावर काढायची तशी तिची बटणं एकेक करून काढली. या वेळी बुटकीने हातपाय झाडले नाहीत.

तिच्या अंगावर धड जागा नव्हती. जुने डाग पिवळे पडलेले, नवे जांभळे. दंडावर दातांची पुरी कमान उमटलेली. डोक्यावर कानामागे केस उपटून चकती पडली होती. आणि पाठीवर, खांद्याच्या पात्यावर, इस्त्रीचा सबंध तळ उमटला होता, टोक वर करून. अक्काच्या स्वतःच्या हातांवर ट्रेच्या कडांचे चटके होते, सगळे आडवे, बारीक. चुकून भाजतं ते असं बारीक भाजतं. हे कुणीतरी टेकवून दाबून धरलं होतं.

"कधी झालं हे?"

"उन्हाळ्यात."

"तेव्हा तू मला फोनवर म्हणालीस की बाबांनी दोन घास जास्त खाल्ले."

"खाल्लेच होते," बुटकी म्हणाली. "त्याच्यानंतर खाल्ले."

डॉक्टरीण खुर्चीत बसली. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. "तुम्ही मला पडले सांगत होतात. मी चक्कर येऊ नये म्हणून औषधं देत होते. मारतात सांगितलं असतंत तर डोकं शांत ठेवायची दिली असती. माझ्यापासून कोणाची अब्रू वाचवत होतात?"

"त्यांची," बुटकी म्हणाली. "आयुष्यात त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. आता शेवटी शेवटी लोकांनी म्हणायचं का, की पोरीला मारायचे?"

जखमेची नोंद मात्र तिला पोलिसांत द्यावीच लागली. एक हवालदार आला. दोघी बहिणींचं ऐकून घेऊन तो शुद्धीवर आलेल्या बाबांच्या उशाशी गेला. "आजोबा, कुणी मारलं तुम्हाला?"

बाबांनी विचार केला. "करवतीने," ते म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं."

हवालदार टोपी घालून निघून गेला.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. अक्काच्या नाकात कापूस, बुटकीचा ओठ सुजलेला.

"फिटरला हे माहीत आहे?" अक्काने विचारलं.

"फिटर जादा पाळ्या करत नाही. मी त्याला घालवून दिलं." बुटकी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "बाबांनी त्याचा दात पाडला. मग तो पाना घेऊन त्यांच्या अंगावर गेला. मी मधे पडले. त्याला म्हटलं, तू जा. तो म्हणाला, म्हातारा नाहीतर मी. म्हटलं, जा मग. वाईट नाही गं तो. त्याला कुणीतरी मारलं, त्याने उलटून मारलं. आता तुला कळलं असेल."

अक्काला कळलं होतं. "तुझे भावोजी परांचीवरून पडलेत," ती म्हणाली. "मणका गेलाय. महिनोन्महिने अंथरुणावर आहेत."

"हाताला काम भरपूर आहे म्हणालीस ना?"

"आहे की. दिवसभर माशा हाकलतात."

दोघींना हसू फुटलं. अक्काचा घसा दुखला, बुटकीचा ओठ पुन्हा फाटला, तरी थांबेना. जाणाऱ्या येणाऱ्यांनी वळून पाहिलं. हसणं ओसरल्यावर अक्का म्हणाली, "मी तुझ्यावर हात उचलला. न विचारता."

"उचललास ते बरंच केलंस. मीही काही देवी नाही." बुटकीने स्वतःचे हात मांडीवर उपडे ठेवले. "मी त्यांना मारलंय, अक्का. ते अंगावर आले म्हणून नाही. बांधल्यावर. हात बांधलेले, तोंडाने शिव्या देत होते, मी चप्पल काढली आणि मारत सुटले. ते रडायला लागले तेव्हा मी थांबले. मग त्यांना अंघोळ घातली. पुन्हा मारणार नाही अशी शपथ घेतली, आणि पुन्हा मारलं."

समजूत घालावी असं ते नव्हतंच. अक्का नुसती सरकून बसली, इतकी की दोघींचे खांदे टेकले.

नव्या औषधांनी बाबा घरी आल्यावर भिजल्या लाकडासारखे पडून राहू लागले. खांदा पट्ट्यात बांधलेला. अक्का परत गेली नाही. नवऱ्याला तिने न्हाव्याच्या ओळखीच्या गाडीतून इकडेच आणवलं आणि जवळच्या एका छोट्या बेकरीत काम धरलं. रंगारी पुढच्या खोलीत उताणा पडून कपड्यांच्या घड्या घालायला शिकला. माणसं वाढली तसं घर अपुरं पडू लागलं. भांडणंही होऊ लागली. पण बुटकी कितीतरी महिन्यांनी बाबांच्या दाराला पाठ न टेकवता झोपू लागली.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी बाबा उठले, चांगल्या हाताने स्टूल उचललं आणि खिडकीची काच फोडली. आवाजाने बुटकी आत धावली. त्यांच्या हातात काचेचा लांब तुकडा होता. तिने हात आडवा धरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलं. अक्काने मागून बाबांच्या कमरेला मिठी मारली. तिघंही काचांवर कोसळली. बाबा गुडघे झाडत होते, अक्काच्या कपाळाला डोकं हाणत होते. पलीकडून रंगारी कोपरांवर सरपटत आला आणि आपला निकामी मणका विसरून सासऱ्याच्या पायांवर आडवा पडला. आवाज ऐकून धावत आलेल्या न्हाव्याने बाबांचा तो हात पिळून काच सोडवली तेव्हा कुठं संपलं. जमिनीवर कुणाचं रक्त कुणाचं आहे ते कळत नव्हतं.

या वेळी अक्काने स्वतः डॉक्टरिणीला फोन केला आणि घडलं तसं सगळं सांगितलं. स्टूल, काच, हात, रक्त. काहीच झाकलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "आता घरी ठेवता येणार नाही." अशा रुग्णांसाठी शहराबाहेर एक मोठा दवाखाना होता. तिने तिथं जागा मिळवून दिली.

न्यायला चार माणसं आली, चारही लागली. एकाच्या हाताला बाबा कडकडून चावले, दुसऱ्याचा सदरा त्यांनी वरपासून खालपर्यंत फाडला. गल्ली दाराखिडक्यांत गोळा झाली होती. त्यांना उचलून गाडीत घालत असताना त्यांचे डोळे एकाएकी भरले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी दोघींना ओळखलं.

"अक्के," ते ओरडले. "बुटके. दरोडेखोर नेताहेत मला. पोरींनो, धरा मला."

बुटकी झेपावली. तिने गाडीच्या दाराला हात घातला. अक्काने तिला कमरेला धरून मागे खेचलं. बुटकी लाथा झाडत होती, टाके घातलेला हात आपटत होती, "सोड मला, हलकट, सोड" म्हणत होती, आणि अक्का सोडत नव्हती. शेवटी बुटकीने तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. अक्काने दात आवळले आणि मिठी घट्ट केली. गाडी वळली, आवाज ऐकू येईनासा झाला, आणि मग बुटकीचे दात सुटले. दोघी गल्लीत धुळीतच बसल्या. न्हावी लोकांना म्हणाला, "चला, काही बघण्यासारखं नाही," आणि सगळे पांगले.

पहिल्या भेटीला परवानगी मिळाली तेव्हा दोघी मिळून गेल्या. लांबलचक खोली, खाटांच्या रांगा, उंचावर खिडक्या. बाबा वाळले होते. ते खाटेच्या लोखंडी कठड्यावरून तीन बोटांचा हात पुन्हा पुन्हा फिरवत होते आणि पलीकडे उभ्या असलेल्या सेवकाला म्हणत होते, "मुकादम, ही फळी ओली आहे अजून. आत्ता कापू नका, फाटेल."

"बरं, उद्या कापू," सेवक म्हणाला. त्याला सवय झाली होती.

बुटकीने पाव पुढे केला. बाबांनी झडप घालून तिचं मनगट पकडलं. बुटकी जागच्या जागी आखडली. अक्काची मूठ आपोआप वळली. तिने ती मुद्दाम उघडली. बाबांनी बुटकीचा हात नाकाशी नेला, गरम कपड्यांचा वास हुंगला, सोडून दिला आणि पाव खाऊ लागले. कोण आलंय हे त्यांनी विचारलं नाही. खाऊन झाल्यावर ते पुन्हा फळीकडे वळले.

दोघी बाहेर आल्या. फाटकापासून बसथांब्यापर्यंत उन्हाचा लांब रस्ता होता.

"पुढच्या वेळी मी येणार नाही," बुटकी म्हणाली. "त्याच्या पुढच्याही नाही. मला त्यांचं तोंड बघायचं नाही काही दिवस. चालेल?"

"नको येऊस," अक्का म्हणाली. "मी येईन."

"तुला राग नाही आला?"

"आला थोडा."

बस आली. गर्दी नव्हती. बुटकी खिडकीशी बसली आणि बस सुटायच्या आतच झोपली, तोंड उघडं टाकून, कुणीतरी मोळी टाकावी तशी सीटवर पडून. अक्काने तिचा पट्टी बांधलेला हात खिडकीच्या गजापासून उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि दोघींची तिकिटं काढली.